खोकं उलटं करून बघा

दसरा-पाडव्याला कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये जा, काउंटरवरच्या पोराचं सगळं तोंडपाठ असतं. टीव्ही किती इंची, वॉशिंग मशिनला प्रोग्रॅम किती, पंख्याचा रिमोट किती लांबून चालतो, हप्ता किती बसतो, जुन्याचे किती वजा होतात. एका दमात सांगून मोकळा. ही वस्तू बिघडली तर उघडता येते का आणि सहा वर्षांनी हिचा सुटा भाग मिळेल का, हे मात्र तो सांगत नाही. त्याचा दोष नाही, त्यालाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

माझं म्हणणं असं की ही माहिती खोक्यावर छापणं सक्तीचं करावं. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणं खोक्यावर एमआरपी लागते, उत्पादकाचं नाव-पत्ता लागतो, महिना-वर्ष लागतं, तक्रारीसाठी फोन नंबर लागतो. पाच रुपयांच्या बिस्किट पुड्यावर वजन ग्रॅममध्ये छापून घेणारा कायदा पन्नास हजारांच्या टीव्हीवर ‘सुटे भाग अमुक वर्षापर्यंत, सॉफ्टवेअर तमुक वर्षापर्यंत’ एवढी ओळ छापून घेऊ शकत नाही? एका ओळीच्या शाईला कुणाचं काय जातंय?

मी जुन्याचा भक्त नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक पोरगं कौलावर अँटेना फिरवतंय आणि खालून सगळं घर ‘आलं, आलं... गेलं!’ म्हणून ओरडतंय, यात रम्य काही नव्हतं. व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर तीन पिक्चर बघणं तर डोळ्यांवरचा अत्याचार होता. आजचा टीव्ही त्या टीव्हीपेक्षा दहा पटींनी चांगला आहे. भांडण वस्तूच्या गुणाशी नाही, तिच्या आयुष्याशी आहे.

घरातली सगळ्यांत शहाणी वस्तू कुठली असं विचाराल तर मी कुकर म्हणेन. रिंग सैल झाली, शिट्टी हरवली, सेफ्टी वॉल्व्ह उडाला, दांड्याचा स्क्रू झिजला, यातलं काहीही महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात मिळतं आणि बसवायला माणूस बोलवावा लागत नाही. त्याच्या खालोखाल मिक्सर. कपलर तुटला, कार्बन घासले, पातं बोथट झालं तरी त्याचा जीव जात नाही. चटणीचं सुकं खोबरं वाटता वाटता मधेच बंद पडला तर बुडाखाली एक लाल बटण असतं, पाच मिनिटं थांबून ते दाबायचं. (निम्म्या गल्लीला हे बटण ठाऊक नसतं आणि मिक्सर पिशवीत घालून दुकानात जातो. तो दुकानदार तेच बटण दाबून पैसे घेतो. असो, त्याचंही पोट आहे.)

पंख्याच्या बाबतीत माझं मन दोन्हीकडं ओढतं. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (ब्रशविना डीसी मोटरचा पंखा) तीसच्या आसपास. रोज बारा तास धरले तरी महिन्याला सोळा युनिट वाचतात, आणि आजच्या वीजदरात ते सोडून देण्यासारखे नाहीत. पण साधा पंखा हळू झाला की कंडेन्सर बदलायचा, घरातला कुणीही टेस्टर हातात धरणारा माणूस ते करतो. बीएलडीसीचं सगळं चातुर्य आतल्या एका इलेक्ट्रॉनिक बोर्डात. तो गेला की त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बोर्ड लागतो, आणि मॉडेल दर वर्षी बदलतं. तरीही मी बीएलडीसी घ्या म्हणेन. फक्त घेताना त्याचा बोर्ड सुटा मिळतो का, केवढ्याला मिळतो, हे आधी विचारा. २०२३ पासून छताच्या पंख्यालाही वीजबचतीचे तारे लावणं सक्तीचं झालं. म्हणजे पंख्याच्या खोक्यावर काय छापायचं हे सरकार ठरवू शकतं, याचा पुरावा आपल्या डोक्यावरच फिरतोय.

कोल्हापूरच्या माणसाला हे सगळं पुस्तकातून शिकावं लागत नाही, पंचगंगेनं दोनदा शिकवलंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, सुतारवाडा, शहराबाहेर चिखली, आंबेवाडी. पाणी आठ-आठ दिवस घरात. ओसरल्यावर प्रत्येक दारात वस्तूंची दोन ढिगांत वाटणी झालेली दिसायची. एका ढिगात वाचणाऱ्या वस्तू, दुसऱ्यात न वाचणाऱ्या. ही वाटणी किमतीप्रमाणं झालेली नव्हती. स्वस्तातला टेबल फॅन, पाण्याची मोटर, पिठाची गिरणी, मिक्सर या ढिगात. फ्रंटलोड वॉशिंग मशिन, मोठा एलईडी टीव्ही, इन्व्हर्टर फ्रीज त्या ढिगात. महागाची वस्तू आधी मेली.

कारखान्यांच्या उद्यमनगरात त्या दिवसांत मोटरींची तार भरणाऱ्या वायंडिंगवाल्यांच्या दारात मोटरींची रांग लागली होती. काम बघण्यासारखं असायचं. मोटर खोलायची, आतला गाळ साध्या स्वच्छ पाण्यानं धुऊन काढायचा. पुराच्या पाण्यात भिजलेली मोटर पुन्हा पाण्यानंच धुतात, याचं बघणाऱ्याला नवल वाटायचं. पण तांब्याच्या तारेवर इनॅमलचा लेप असतो. पाण्यापेक्षा गाळ आणि त्यातला क्षार तिचा खरा वैरी. मग उन्हात, ऊन नसेल तर दोनशे वॅटच्या बल्बखाली दोन-तीन दिवस वाळवायची. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बॉडीला करंट उतरतोय का बघायचं. ठीक असेल तर व्हार्निश मारून, बेअरिंग बदलून जोडायची. मेगरनं नाही म्हटलं तर जुनी तार काढून मोटर नव्यानं भरायची. भरलेली मोटर पुन्हा दहा वर्षं चालते. या कामाला लागतात हात, हत्यारं, तार आणि मापं, आणि या चारही गोष्टी कोल्हापुरात आहेत.

बोर्डाचं तसं नसतं. त्याच्या बारीक पायांच्या मधे क्षार बसला की तो हळूहळू खातो. आज वाळवून चालू झालेला बोर्ड महिन्यानं दगा देतो. काही वॉशिंग मशिनमध्ये तर पूर्ण बोर्ड रेझिन ओतून बंद केलेला असतो. त्याला कारण आहे, उगाच शिव्या देणार नाही: दमट हवा, झुरळं, उंदराचं मूत यांच्यापासून तो वाचतो. पण आतला पंचवीस रुपयांचा पार्ट गेला तरी कारागिराला तिथवर पोचता येत नाही. बदलायचा तर अख्खा बोर्ड, आणि त्याची किंमत ऐकून माणूस मुकाट्यानं एक्स्चेंज ऑफरकडं वळतो.

इथंच वॉरंटीची एक गंमत सांगतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं, ‘मोटरवर १० वर्षं’. मोटर सहसा जात नाही हे कंपनीलाही ठाऊक आणि वायंडिंगवाल्यालाही. जातो तो बोर्ड, आणि बहुतेक ठिकाणी तो दोन वर्षांच्या साध्या वॉरंटीत गुंडाळलेला असतो. जे मरत नाही त्याचा विमा मोठा आणि जे मरतं त्याचा बारीक अक्षरांत.

करमणुकीच्या यंत्रांकडं वळू. स्मार्ट टीव्हीबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते लपवायचं कारण नाही. घरात आलेल्या एका नावाजलेल्या टीव्हीनं तीन वर्षांत आपलं रूप दाखवलं. चालू केला की पहिल्या पानावर आधी जाहिरात. विकत घेताना त्या पानावर एकही जाहिरात नव्हती, अपडेट येत गेले तशा त्या वाढल्या. मग एक-एक ॲप ‘या टीव्हीवर आता चालणार नाही’ म्हणू लागलं. पडदा अजून लख्ख आहे. म्हातारा झाला तो आतला मेंदू, आणि तो बदलता येत नाही. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, पडदा चांगला बघून घ्या आणि हुशारी बाहेरून जोडा. दोन-तीन हजारांची स्टिक जुनी झाली की ती बदलता येते, टीव्ही ठेवता येतो.

आणि टीव्हीतून आवाज येतोय पण चित्र नाही, म्हणून सर्व्हिस सेंटरनं ‘पॅनेल गेलं’ सांगितलं, तर घाबरून जाऊ नका. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पडद्यावर उजेड मारा. आत चित्र अंधुक हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, मागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्यात. गल्लीतला टीव्हीवाला त्या बदलून देतो, पॅनेलच्या किमतीच्या मानानं किरकोळ पैशांत. सर्व्हिस सेंटरला पट्टी बदलायची सोय नसते, त्यांच्या यादीत अख्खं पॅनेलच असतं. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. यादीच तशी केलेली आहे, आणि ती यादी गिऱ्हाइकाला दिसत नाही.

डिशचं सांगायचं तर २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं चॅनेल निवडीचे नवे नियम आणले, त्यात काही न बघता नुसत्या जोडणीचे १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे बसायला लागले. तेव्हापासून खेड्यापाड्यांत किती घरांवर दूरदर्शनची फ्री डिश चढली हे एसटीच्या खिडकीतूनही दिसतं. एकदा छत्री बसवली की महिन्याचा रिचार्ज नाही. चॅनेल कमी, पण वस्तू घेतली ती घेतली, संपलं. मला हा व्यवहार आवडतो. ओटीटीला मी नाही म्हणत नाही, पण चार ठिकाणी चार वर्गण्या भरून शेवटी आपल्या हातात काय राहतं, याचा हिशेब घरोघरी एकदा व्हायला हवा.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास आपल्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा जुळवला, आणि जिथं १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावाला यंत्राची भीती कधीच नव्हती. यंत्र खोलून बघायचं, त्यातलं काय आपल्याला करता येतं ते ठरवायचं, ही इथली रीत. बाबूरावांच्या वेळी सीलबंद काचेचा कॅमेरा असता, उघडला की वॉरंटी रद्द, तर त्यांना तो करता आला असता का कुणास ठाऊक.

कानातल्या बिनवायरच्या गोळ्यांबद्दल दोन वाक्यं पुरेत. प्रत्येक गोळीत एक इवलीशी बॅटरी, डब्यात तिसरी. दोन-तीन वर्षांत तिन्ही थकतात आणि एकही बदलता येत नाही, सगळं चिकटवलेलं. मी अजून वायरचा इअरफोन वापरतो आणि त्यात अभिमानाचं काही नाही, रिक्षात गुंता सोडवत बसतो.

ब्लूटूथ स्पीकर ही वस्तू म्हणून उत्तम आहे, तापदायक आहे तो घेऊन रंकाळ्यावर फिरणारा माणूस. एकाचं भजन, दुसऱ्याचं रिमिक्स, तिसऱ्याचं प्रवचन, सगळं एकाच वळणावर. डॉल्बीवर पानंच्या पानं लिहून झालीत, मी भर घालत नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. स्पीकरच्या खोक्यावर मात्र वॅट छापलेले असतात, आणि तेही फुगवलेले. हल्ली स्वस्त प्रोजेक्टरचंही तेच. ‘४के सपोर्ट’ मोठ्या अक्षरांत. म्हणजे ४के व्हिडिओ घेतो, पण भिंतीवर टाकतो तो बऱ्याचदा त्याहून कितीतरी ढोबळ, ७२० चा. फुटबॉलची मॅच असली की तालमीच्या पोरांनी असला प्रोजेक्टर आणून भिंतीवर लावायचा आणि बॉल शोधत बसायचं. तरी प्रोजेक्टर मला प्रिय आहे, कारण तो एकट्यानं बघायची वस्तू नाही.

आता ज्या यंत्राचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं ते शोरूममध्ये मिळत नाही. शेतातल्या मोटरचा मोबाईल स्टार्टर. थ्री फेजची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची, मोटर नदीकाठाला, वाटेत साप-विंचू, पन्हाळा-राधानगरीच्या बाजूला गव्याची भीती. अशा वेळी अंथरुणातून मोटरला फोन लावायचा. लाईट आहे का, फेज नीट आहेत का ते कळतं, बटण दाबलं की मोटर चालू. पाणी तुटलं तर आपोआप बंद. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी ऊसवाल्यांची झोप या डबड्यानं परत आणली. दुसऱ्या कुठल्या स्मार्ट वस्तूबद्दल मी असं बोलणार नाही.

आणि त्याची बांधणी बघा. तो जुन्या स्टार्टरच्या शेजारी बसतो, त्याला बाजूला सारून नाही. सिमचा रिचार्ज संपला, रेंज गेली, डबा जळाला, तरी पेटीतलं हिरवं आणि लाल बटण जागच्या जागी असतं. जाऊन हातानं दाबा, मोटर चालू. रिचार्ज विसरला म्हणून एखाद्याची पाण्याची पाळी चुकते आणि तो शिव्या घालतो, पण पीक मरत नाही. हुशारी वर बसवलेली, खाली हाताचं बटण शाबूत. टीव्ही, पंखा, वॉशिंग मशिन करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना जे सुचत नाही किंवा परवडत नाही, ते शेतकऱ्याच्या पेटीत रोज चालतंय.

जगात हे कुठं झालंय का? फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशिनवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या मोबाईलचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं पुरवणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्याच कंपन्या इथंही मोबाईल विकतात. आपल्याकडं ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल काढलं. समितीच्या विषयांत मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची अवजारंही होती, हे विशेष. २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी आणखी एक समिती झाली, २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. राजारामपुरीतल्या खोक्यावर मात्र त्याचा आकडा मी अजून पाहिलेला नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते अगदीच पोकळ नसतात. पाणी आत जाऊ नये म्हणून मोबाईल चिकटवावा लागतो. बरोबर. मग तसं छापा, ‘पाण्याला पक्का, दुरुस्तीला कठीण’. ज्याला पावसात भिजायचंय तो घेईल. मी बंदी मागत नाही, छपाई मागतोय. दुसरं म्हणतात, गल्लीतले दुरुस्तीवाले फसवतात, डुप्लिकेट डिस्प्ले घालून ओरिजिनलचे पैसे घेतात. घेतात, खरं आहे. पण ओरिजिनल डिस्प्ले त्याला कंपनी विकतच नाही, तो आणणार कुठून? सुटा भाग आणि त्याची किंमत उघड झाली की या लबाडीचा निम्मा धंदा बसेल. फुगलेल्या बॅटरीचंही तसंच: धोका आहे म्हणूनच खरी बॅटरी सहज मिळायला हवी. तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. लोकांनाच नवीन हवं असतं. चालू टीव्ही देऊन मोठा आणणारी घरं माझ्या आजूबाजूला भरपूर आहेत. त्यांच्यासाठी कायदा काही करू शकत नाही, करूही नये. पण तो दिलेला टीव्ही पुढं कुणाच्या तरी खोलीत जातो, हॉस्टेलवर, ऊसतोडीच्या फडावर, गावाकडच्या सोप्यात. त्या दुसऱ्या मालकाला तो किती वर्षं वापरता येईल हे पहिल्या दिवशीच्या बांधणीत ठरतं, आणि त्याचं मत कुणी विचारत नाही.

कायद्यात जागा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. वस्तू किती वर्षं सांभाळली जाईल हे दर्जात येत नसेल तर दर्जा म्हणजे काय उरतो, हे एकदा कुणीतरी ग्राहक आयोगापुढं विचारायला हवं.

तोवर बिलावर लिहून मागा. ‘बोर्ड पाच वर्षं मिळेल’ एवढंच, खाली सही-शिक्का. मी मागून बघितलंय. मालक हसतो, म्हणतो, ‘साहेब, कंपनी आम्हालाच लिहून देत नाही, आम्ही तुम्हाला कुठून देणार?’ त्याचंही खरं आहे. बोर्ड मिळाला नाही की गिऱ्हाईक भांडायला त्याच्याच दारात येतं, कंपनीच्या दारात नाही. म्हणून या मागणीत दुकानदारांच्या संघटनेनंही सही करायला हवी, आणि उद्यमनगरातल्या वायंडिंगवाल्यांची सही तिच्यावर पहिली हवी.